पानिपत गोष्टीसारखं लिहिताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रसंग, संवाद, उत्कंठा, एखाद्याच्या नजरेतून निवेदन: ही कथालेखकाची हत्यारं १७६१ च्या पानिपतावर आठ महिने चालवून पाहिली. उत्कंठा टिकली, प्रसंग टिकला, संवाद मात्र जवळजवळ निकामी.

ज्या भाषेत 'पानिपत होणं' हा वाक्प्रचारच आहे, तिथे निकाल कुणापासून लपवणार? म्हणून प्रश्न बदलायचा. काय झालं हे नाही, कुणाला कधी कळलं हे धरायचं. १४ जानेवारीला लढाई संपली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले होते. मोती गळाल्याच्या, मोहरा हरवल्याच्या सांकेतिक भाषेतलं सावकारी पत्र त्यांच्या हाती पडलं ते भेलशाजवळ (आजचं विदिशा), २४ जानेवारीला. मधले दहा दिवस वाचकाला सगळं ठाऊक, पेशव्यांना काहीच नाही. एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं आणि त्यांच्या मनातलं एक वाक्यही रचावं लागत नाही.

प्रसंगाला तिथीचा आधार घ्या. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, शके १६८२. म्हणजे रात्री अर्धा चंद्र, मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. पळणाऱ्यांवर संध्याकाळपासूनच 'मिट्ट काळोख' पसरलात की पंचांगच चूक काढतं. धुक्याचंही तेच. जानेवारीत तिकडे धुकं पडतं, म्हणून त्या सकाळी पडलं होतं असं होत नाही.

संवादात सगळ्यात जास्त फसगत. बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० ला पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचं 'बचेंगे तो और भी लड़ेंगे' गाळलं तर वाचक चिडतो, नुसतं ठेवलं तर पुरावा समजतो. 'बखरकार सांगतो' हे शब्द त्याच वाक्यात हवेत. तळटीपेपर्यंत कुणी जात नाही.

नजरेसाठी लढाईचा वृत्तांत लिहिणारा काशीराज सोयीचा, पण तो अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या छावणीत होता आणि त्यानं लिहिलं सुमारे वीस वर्षांनी. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊंच्या तंबूच्या आतलं त्याच्या डोळ्यांनी दाखवू नका.

वेढ्यातल्या मराठ्यांच्या भुकेपाशी मात्र गोष्ट पांगळी पडते. गोष्टीला दोषी माणूस लागतो, मग सगळं खापर भाऊंच्या हट्टावर. प्रत्यक्षात ऑक्टोबर १७६० अखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात मराठ्यांचे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, अब्दालीची रसद तोडायचं कामही थांबलं. इथे प्रसंग बाजूला ठेवून सरळ दोन पानं नकाशाला द्या, आणि त्यावर यमुनेचे उतार, म्हणजे नदी ओलांडायच्या जागा, न विसरता दाखवा.