ब्रॉयलरच्या खाद्यात द्राक्षाचा चोथा: फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

खाद्य दळायच्या चक्कीची जाळी परवा पुन्हा फाटली. कंपनीचा माणूस आला, आत चिकटलेला चोथा नखाने खरवडला आणि म्हणाला, "दादा, हे मशीन मका भरडायचं आहे, जाळी वॉरंटीत बसत नाही." नवी जाळी माझ्याच खिशातून. राग अजून गेलेला नाही, पण तो चोथ्यावर काढणार नाही. सगळा खेळ ओलाव्याचा आहे.

नाशिकच्या दिंडोरी पट्ट्यातल्या वायनरीतून हंगामात चोथा उचलला. गाडीभाडं सोडलं तर फुकट. मका आणि सोया डीओसीचे (तेल काढून उरलेल्या सोयापेंडीचे) भाव बघता मोह होतोच. पण पिळलेल्या चोथ्यातही निम्म्याहून जास्त पाणी असतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त भाडं पाण्याचं! ताडपत्रीवर पातळ थर द्यायचा, दिवसभर फावड्याने खालीवर करत राहायचं. ढिगात हात घातला आणि आत गरम लागलं तर तो लगेच पसरा. मूठ दाबून सोडल्यावर चोथा मोकळा झाला पाहिजे, बी दाताखाली कट्‌कन फुटली पाहिजे. चिवट लागली तर अजून एक ऊन. बुरशीचा वास आला तर गोणी खड्ड्यात टाका, कोंबड्यांसमोर नको.

लाल वाईन सालीसकट आंबवतात, त्यामुळे त्या चोथ्यात साखर फारशी उरत नाही. पांढऱ्या वाईनचा रस आंबवण्याआधीच काढून घेतात, म्हणून तो चोथा गोड, चिकट, माश्यांनी भरलेला. तो वाळता वाळत नाही आणि जाळी तुंबते ती त्यानेच. वायनरीत गाडी भरताना आधी हे विचारा.

आता पक्ष्यांचं. स्पेनमधल्या 2008 च्या एका प्रयोगात किलो खाद्यामागे 60 ग्रॅमपर्यंत चोथा देऊनही वाढ घटली नव्हती. त्या भरवशावर मी 5 टक्क्यांनी सुरुवात केली, तर माझ्या शेडवर वजन मागे राहिलं. चोथ्यात तंतू जास्त, ऊर्जा कमी, आणि त्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) प्रथिनं धरून ठेवतं. तेव्हा हा प्रकार बंद करायचंच ठरवलं होतं. मग फक्त फिनिशरमध्ये (विक्रीआधीच्या शेवटच्या खाद्यात), 100 किलोला 3 किलो, बारीक दळून दिला. वजन बरोबर आलं. प्रीस्टार्टरमध्ये (पिल्लांच्या पहिल्या खाद्यात) मात्र अजिबात घालू नका.

पावसाळ्यात खरं समाधान मिळालं. विष्ठा घट्ट पडू लागली, शेडमध्ये अंथरलेल्या तुसाचे गठ्ठे कमी झाले, सकाळी पडदे उघडताना विष्ठेच्या उग्र वासाने डोळे चुरचुरत नाहीत. उन्हाळ्यात मरही कमी होती, पण तेव्हाच फॉगर (गारव्यासाठी पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नळ) बसवले होते, त्यामुळे ते श्रेय चोथ्याला देणार नाही.

इगतपुरीकडचा भाताचा कोंडाही वापरून बघितला. ताजा चांगला, पण त्यातलं तेल लवकर खवट होतं. तो साठवू नका.

मजुरी, ताडपत्री, जाळी धरली तर 3 टक्क्यांत खाद्याचा खर्च फारसा वाचत नाही. तरी येत्या हंगामात लाल चोथा घेणार, आणि तोही कडक उन्हाचे दिवस सुरू झाल्यावरच.