सिग पी३६५ : बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ह्यूस्टनच्या आसपास राहणाऱ्या, माझ्यासारखीच रात्रपाळी करणाऱ्या मराठी मैत्रिणींनी गेल्या काही महिन्यांत मला एकच गोष्ट विचारली आहे. तू घेतलंस ते पिस्तूल कसं आहे, मीही तेच घेऊ का? प्रत्येकीला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. उत्तर आधीच देऊन टाकते. पिस्तूल उत्तम आहे, पण आयुष्यातलं पहिलंच पिस्तूल घेत असाल तर हे घेऊ नका.

सिग सावरचं पी३६५ २०१८च्या जानेवारीत बाजारात आलं. त्याआधी एवढ्या चणीच्या नऊ एमएम (नऊ मिलिमीटर व्यासाच्या गोळीच्या) पिस्तुलात सहा-सात, फार तर आठ गोळ्या मावत. यात दहा मावतात आणि नळीत अकरावी. खुबी मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत आहे. खालच्या भागात गोळ्या एकीआड एक अशा दोन रांगांत बसतात आणि वर येता येता एका रांगेत होतात, म्हणून मूठ जाड होत नाही. हे जमल्यावर बाकीच्या कंपन्या मागे लागल्या. स्प्रिंगफील्डचं हेलकॅट २०१९मध्ये आलं, स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस आणि रुगरचं मॅक्स-९ २०२१मध्ये. तेव्हापासून दर जानेवारीत लास वेगासच्या शॉट शो या शस्त्रांच्या व्यापारी प्रदर्शनात कुणी ना कुणी आणखी लहान किंवा त्याच मापात आणखी गोळ्या बसणारं काहीतरी मांडतंच. पी३६५चीही पुढे बरीच भावंडं झाली. एक्सएल, एक्स-मॅक्रो, फ्यूज. माझं मूळचं, सर्वांत लहान मापाचं आहे. नळी ३.१ इंच, लांबी ५.८ इंच, वजन रिकाम्या मॅगझिनसकट सुमारे ५०० ग्रॅम. अंगठ्याने चालणारी सेफ्टी असलेलं मी मुद्दाम निवडलं.

खरेदीबद्दल थोडक्यात. दुकानातून घेताना ४४७३ क्रमांकाचा संघराज्याचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. ग्रीनकार्ड असेल तर अडचण नाही. एच-१बी किंवा एच-४वर असाल तर संघराज्याच्या कायद्याने मूळ नियम मनाईचाच आहे. शिकारीचा परवाना असेल तर अपवाद होतो, पण त्या वाटेने जाण्याआधी वकिलाला विचारा, मित्रांना नाही. इथे प्रश्न व्हिसाचा असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. दुकानात बाई शिरली की काउंटरवरचा माणूस हमखास सर्वांत लहान पिस्तूल पुढे करतो. हलकं आहे, तुमच्या हाताला बरोबर बसेल, असं म्हणतो. ऐकायला पटतं आणि ते साफ चुकीचं आहे. नऊ एमएमची सरावाची नेहमीची गोळी ११५ ग्रेनची, म्हणजे साडेसात ग्रॅमच्या जवळपास. ती ग्लॉक १९ या मोठ्या पिस्तुलातून सुटली तरी तेवढीच आणि पी३६५मधून सुटली तरी तेवढीच. ग्लॉक १९चं वजन ६७० ग्रॅमच्या घरात, याचं ५००. मागे येणारा धक्का शोषायला वजनच कमी, त्यामुळे पिस्तूल हातात उसळतं. दुसरं, मागचं आणि पुढचं साइट (नेम धरायच्या खुणा) यांतलं अंतर लहान असल्याने नेम केसभर हलला तरी कागदावर तो मोठा दिसतो. तिसरं, दहाच्या सपाट तळाच्या मॅगझिनवर करंगळीला जागाच उरत नाही. म्हणजे धरायला कमी, धक्का जास्त, आणि चूक पोटात घालायची तयारी नाही. हे अनुभवी हाताचं पिस्तूल आहे. नवख्या बाईला ते सोपं म्हणून विकणं मला संतापजनक वाटतं, कारण पहिल्या दिवशी हात दुखला, कानठळ्या बसल्या, गोळ्या कागदाबाहेर गेल्या की ती परत रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) येतच नाही. पिस्तूल कपाटात जातं आणि सराव नसलेलं शस्त्र घरात पडून राहतं.

ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांच्यासाठी उपाय आहेत. पेटीत दोन मॅगझिनं येतात, त्यातल्या एकाला खाली बोट टेकवायला पुढे आलेला तळ असतो. रेंजवर तेच वापरा. बारा गोळ्यांचं मॅगझिन वेगळं मिळतं, ते लावलं की माझ्या हाताची पूर्ण पकड बसते. मी रोज तेच लावते, सपाट तळाचं आता डब्यातच असतं.

स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकणारा भाग, मागे ओढणं ही दुसरी मोठी तक्रार ऐकू येते. स्प्रिंग कडक आहे हे खरं. नुसत्या बोटांच्या चिमटीने ओढायला गेलात तर दमाल. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी लक्ष्याकडेच ठेवा, डाव्या हाताच्या पंजाने स्लाइड वरून घट्ट धरा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. ओढण्यापेक्षा ढकलण्यात जोर जास्त येतो. तरीही संधिवात असेल, मनगटात ताकद नसेल, तर हट्ट करू नका. स्मिथ अँड वेसनने सोप्या स्लाइडसाठीच ईझेड मालिका काढली आहे, २०१८मध्ये ३८० या सौम्य काडतुसाची आणि २०२०मध्ये नऊ एमएमची. माझ्या एका ज्येष्ठ मैत्रिणीला मी तेच घ्यायला लावलं. रेंजवर ती माझ्यापेक्षा शांतपणे गोळ्या झाडते.

भरवशाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पहिल्या वर्षात निघालेल्या पी३६५मध्ये स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आपटून बार उडवणारी पिन) तुटल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. माझं बरंच नंतरचं आहे आणि दर महिन्याला दोन-तीन पेट्या सरावाच्या गोळ्या त्यातून जातात. मनगट सैल ठेवलं तर मात्र असली हलकी पिस्तुलं अडतात. स्लाइडला मागे जायला आधार लागतो आणि तो आपल्या हाताने द्यायचा असतो. स्वसंरक्षणाच्या पोकळ टोकाच्या गोळ्या महाग पडतात, तरी त्यांच्या एक-दोन पेट्या रेंजवर झाडून बघाच. साध्या गोळ्या नीट चालल्या म्हणजे त्याही चालतीलच असं नाही.

घरी कोरडा, म्हणजे गोळ्यांशिवायचा सराव फार कामाचा. पिस्तूल रिकामं करायचं, मॅगझिन काढायचं, नळीत डोळ्यांनी बघायचं, बोट घालून बघायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या आणि मग भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरून ट्रिगर हळू मागे आणायचा. पुढचं साइट जराही हललं नाही पाहिजे. नवख्यांची बहुतेक चूक त्या शेवटच्या क्षणी बोटाने दिलेल्या हिसक्यात असते आणि ती सुधारायला एक डॉलरही लागत नाही. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून एकवीस वर्षांवरील पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरी मी परवान्याचा वर्ग केला आणि तुम्हीही करा. परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या झाडायच्या असतात, २५०पैकी १७५ गुण हवेत. पास होणं अवघड नाही. पण कायद्याचे ते चार-सहा तास, कुठे नेता येतं आणि कुठे नाही, शस्त्र कधी काढायचंच नाही, हे सगळं माहीत नसताना कमरेला पिस्तूल लावून हिंडणं मला अजिबात मान्य नाही.

कपड्यांचा प्रश्न कुठल्याच इंग्रजी परीक्षणात सापडत नाही, म्हणून तो नीट सांगते. जीन्स आणि कडक पट्टा असेल तर पँटच्या आत बसणारं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) घाला, वर सैल कुर्ती, काही दिसत नाही. पी३६५ची जाडी इंचभरच असल्याने इथे त्याचं सोनं होतं. ग्लॉक १९ मला असं लपवता आलेलं नाही. नाडीच्या सलवारीवर किंवा लेगिंगवर होल्स्टर टिकत नाही, तिथे पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा लागतो. तो घेताना ट्रिगरवर कडक प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या. नुसत्या कापडाच्या खिशात ट्रिगर दाबला जाऊ शकतो. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात हा पट्टा घामाने भिजतो, आतून सुती बनियन घातलं तर बरं पडतं, आणि पिस्तूल आठवड्याला पुसून तेल लावावं लागतं. साडीवर मी पिस्तूल नेतच नाही. साडी नेसून आपण जातो ते गणपतीला, हळदीकुंकवाला, मंडळाच्या कार्यक्रमाला. हॉलच्या किंवा देवळाच्या दारावर टेक्ससच्या ३०.०६ आणि ३०.०७ या कलमांचे (परवानाधारकांना लपवून किंवा उघड पिस्तूल आणायला मनाई करणारे) इंग्रजी-स्पॅनिश फलक असतील तर ते आत नेणं गुन्हाच आहे. फलक नसला तरी पोराटोरांच्या गर्दीत मला ते नको.

पर्सबद्दल एकदाच आणि स्पष्ट. २०१४च्या डिसेंबरात आयडाहोतल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाचा हात आईच्या पर्समधल्या पिस्तुलाला लागला आणि ती आई तिथेच गेली. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीच्या सोफ्यावर टाकतो. आपल्या घरांत तर आल्यागेल्याची मुलं सगळीकडे फिरत असतात आणि मावशीच्या पर्समध्ये चॉकलेट असतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पर्समध्ये नाही म्हणजे नाही. घरी आल्यावर पिस्तूल एकतर अंगावर, नाहीतर बटणांच्या छोट्या तिजोरीत, मधली जागा नाही. बेपर्वाईने ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर टेक्ससमध्ये तो गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

मी काम करते तिथे आत शस्त्र नेता येत नाही. टेक्ससच्या २०११च्या कायद्यामुळे मालकाला कर्मचाऱ्याच्या कुलूपबंद गाडीतल्या शस्त्राला सहसा मनाई करता येत नाही, म्हणून पाळीच्या वेळी ते गाडीत राहतं. गाड्या फुटतात आणि चोरांना नेमकं हेच हवं असतं. डॅशबोर्डचा कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे. सीटच्या लोखंडी सांगाड्याला तारेच्या दोराने बांधलेली छोटी पोलादी पेटी चाळीस-पन्नास डॉलरला येते, ती पिस्तुलाबरोबरच घ्या. पार्किंगमध्ये पोचल्यावर पिस्तूल काढून ठेवत बसू नका, कुणी पाहत असतं. मी घरून निघतानाच ते पेटीत टाकते.

घरासाठी काय, हेही विचारलं जातं. फक्त घरात ठेवायचं असेल तर लपवण्याचा प्रश्नच नाही, मग एवढं लहान पिस्तूल का? मोठं घ्या, नाहीतर पिस्तुलाच्याच गोळ्या झाडणारी छोटी रायफल बघा. रुगरची पीसी कार्बाइन मी रेंजवर भाड्याने बऱ्याचदा वापरली आहे. नऊ एमएम, सोळा इंचांहून किंचित मोठी नळी, मधून दोन भाग होतात. खांद्याला टेकवल्यावर धक्का जाणवतही नाही आणि नवख्या माणसाच्याही गोळ्या एका मुठीएवढ्या जागेत बसतात. स्मिथ अँड वेसनची एफपीसी २०२३मध्ये आली, ती आडवी दुमडते आणि साध्या सॅकमध्ये मावते. सोळा इंचांखालच्या नळीची रायफल संघराज्याच्या १९३४च्या कायद्यात येते. १ जानेवारी २०२६पासून तिच्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, पण नोंदणी आणि बोटांचे ठसे तसेच आहेत, हे दुकानदाराने सांगितलं नाही तरी लक्षात असू द्या.

मी पी३६५ विकणार नाही. आतला पोलादी सांगाडा हेच कायद्याने शस्त्र, क्रमांक त्याच्यावरच असतो. त्यामुळे बाहेरची मूठ टपालाने मागवून बदलता येते. एक्सएलची थोडी लांब मूठ मागवली आहे. लपवायला जरा जड जाईल, पण हाताला ती हवी आहे. किंमत पाचशे डॉलरच्या आसपास. त्यात होल्स्टर, घरची तिजोरी, गाडीतली पेटी, वर्ग आणि वर्षभराच्या गोळ्या धरल्या तर खर्च सहज दुपटीच्या पुढे जातो. पन्नास गोळ्यांची पेटी तेरा-पंधरा डॉलरला पडते. तेवढी तयारी नसेल तर थांबा.

एक आपल्या लोकांसाठीच. रेंजला नेता ती बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. कोपऱ्यात, शिवणीत एखादी गोळी राहून जाते आणि ती मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसते. तिथे शस्त्र कायदा, १९५९ लागतो, विनापरवाना काडतूस हाही गुन्हाच. शिवाय नऊ एमएम तिथे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या बोअरमध्ये (नळीच्या व्यासाच्या प्रकारात) येतं. ती गोळी बॅगेत आहे हे माहीतच नव्हतं, असं कोर्टात सिद्ध करता येतं. पण तोवर विमान जातं, पासपोर्ट अडकतो, आणि ज्या लग्नासाठी निघालात ते पार पडलेलं असतं. रेंजची बॅग भडक रंगाची घ्या, गॅरेजमध्येच ठेवा, आणि नवऱ्याला-मुलांनाही सांगून ठेवा की कपडे भरायला ती घ्यायची नाही.