थेंब मोजून क्लोरीन तपासायचं टेस्ट किट: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आधी तक्रार, मग बाकीचं. पाणी तपासायच्या किटमधल्या बाटल्यांची लेबलं पाण्यानेच पुसली जातात. साडेआठ हजारांचं किट, सगळ्या बाटल्या एकाच आकाराच्या, झाकणं जेमतेम दोन रंगांची, आणि कुठली कशाची हे सांगणारी शाई तिसऱ्या महिन्यात माझ्या बोटांना लागून गेली. पूलच्या काठावर बसून तपासणी करणाऱ्याचे हात कोरडे असतील, असं बनवणाऱ्याला का वाटलं असेल देव जाणे. या शाईपायी मी तीन आठवडे सोसायटीत खोटी बातमी पसरवत होते. ते पुढे येईलच.

किट माझ्या घरच्या पूलसाठी नाही, तेवढी ऐपत असती तर खजिनदार कशाला झाले असते. वाकडला आमच्या सोसायटीचा पूल आहे, १२ बाय ६ मीटर, सरासरी खोली १.२, म्हणजे साधारण ८६ हजार लिटर. वर पत्रा, तिन्ही बाजूंना भिंत. बिल्डरने ब्रोशरमध्ये 'कव्हर्ड पूल' म्हणून मिरवला होता, प्रत्यक्षात वारा कुठूनच येत नाही.

मागच्या मार्चमध्ये परीक्षा संपल्या आणि पोरं पाण्यात पडली. आठवड्याभरात धाकटीचे डोळे लाल. जिन्यापर्यंत वास यायचा. पूल सांभाळणाऱ्या एजन्सीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, क्लोरीन जास्त झालंय, दोन दिवस गोळी कमी टाकतो." सेक्रेटरी काका म्हणाले, "वास येतोय म्हणजे टँक स्वच्छ आहे." दोघंही चुकीचे होते, पण हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच खटकलं की पाण्याखालच्या भिंती बोटाला बुळबुळीत लागत होत्या. क्लोरीन जास्त असेल तर शेवाळ कसं धरेल?

एजन्सीचा मुलगा रोज सकाळी एक ट्यूब दाखवायचा, पिवळीधमक. ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट मला लहानपणापासून ओळखीची. गावी पाणी सोडायचं काम वडिलांकडे होतं. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली की शेवटच्या नळावर जाऊन ओटीचे थेंब टाकायचे, पिवळं आलं की पाणी चांगलं. त्या पिवळ्यावर माझा इतका विश्वास की पूलच्या बाबतीतही मी मान डोलावत होते.

विहिरीच्या पाण्याला ती टेस्ट पुरते. पूलमध्ये माणसं उतरतात, घाम येतो, आणि लहान मुलांच्या कोपऱ्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. घाम आणि लघवीतल्या नत्रयुक्त पदार्थांना क्लोरीन जाऊन चिकटलं की क्लोरामाइन्स तयार होतात. डोळे चुरचुरणं, खोकला, तो 'क्लोरीनचा वास', हे सगळं बहुतांशी त्यांचं, त्यातही ट्रायक्लोरामाइनचं. ओटीचा पिवळा रंग कामाचं फ्री क्लोरीन आणि हे वापरून झालेलं कम्बाइंड क्लोरीन यांना एकाच वाटीत वाढतो. पिवळा गडद आला म्हणून आम्ही खूश, आणि त्यातलं किती खरकटं आहे याचा पत्ता नाही.

म्हणून हे किट. स्वतःच्या पैशाने घेतलं. कमिटीने नंतर आठ हजार दिले, वरचे पाचशे 'पूर्वपरवानगी नव्हती' म्हणून कापले. असो.

वापर सोपा आहे. २५ मिली पाणी, त्यात चिमूटभर पावडर, पाणी गुलाबी. मग थेंबाथेंबाने गुलाबी घालवायचं, एक थेंब म्हणजे ०.२ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). रंगाच्या पट्टीशी डोळे बारीक करून जुळवाजुळव नाही, 'थोडं फिकट वाटतंय का गं' असं शेजारणीला विचारणं नाही. रंग आहे किंवा नाही. गुलाबी गेलं की फ्री क्लोरीन कळलं. मग दुसऱ्या बाटलीतले पाच थेंब. कम्बाइंड असेल तर गुलाबी परत उगवतं, ते पुन्हा थेंब मोजून घालवायचं.

पहिल्या दिवशी १३ थेंबांत रंग गेला, म्हणजे फ्री २.६. वाटलं, उत्तम. दुसऱ्या बाटलीचे थेंब टाकले आणि ट्यूब परत गुलाबी झाली. अगदी पहिल्यासारखी नाही, पण चांगलीच. आणखी ७ थेंब. कम्बाइंड १.४. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या पूलविषयक मार्गदर्शिकेत हा आकडा शक्यतो ०.२ च्या खाली असावा असं आहे, जर्मनीच्या मानकातही तेवढाच. आमच्याकडे सातपट.

मग काळ्या ठिपक्याची टेस्ट. सायन्युरिक ॲसिड, म्हणजे उन्हापासून क्लोरीन वाचवणारं रसायन, मोजायला पाण्यात औषध मिसळलं की ते दुधाळ होतं, आणि ते ट्यूबमध्ये तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ओतत जायचं. माप १०० पर्यंतच आहे, आमचा ठिपका त्या खुणेच्या आधीच गडप, म्हणजे आकडा १०० च्या वर. निम्मं नळाचं पाणी घालून पुन्हा केलं, तेव्हा ९५. दुप्पट केलं की १९०.

हे ॲसिड कोणी मुद्दाम ओतलं नव्हतं. ते गोळीतून येतं. एजन्सी जी २०० ग्रॅमची पांढरी गोळी तरंगत्या डब्यात ठेवते ती टीसीसीए, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र बांधलेली, आणि ती १० पीपीएम क्लोरीन देते तेव्हा मागे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड ठेवून जाते. क्लोरीन संपतं, हे संपत नाही. बाष्पीभवनात जात नाही, फिल्टरला अडकत नाही, पाणी काढून टाकलं तरच जातं. आमच्या आकाराच्या पूलमध्ये दिवसाला एक गोळी म्हणजे दिवसाला सव्वा पीपीएम. पाच महिन्यांत १९०. मी वहीत हा गुणाकार केला तेव्हा वाटलं, ही एजन्सी लावून नेमके इतकेच महिने झालेत. बिलावर 'प्रीमियम स्टॅबिलाइज्ड टॅबलेट' असं लिहून आमच्याकडून वेगळे पैसे घेतले जात होते, ते वर.

थोडं सायन्युरिक ॲसिड उघड्यावरच्या पूलला हवंच, नाहीतर ऊन क्लोरीन काही तासांतच खाऊन टाकतं. पण आमच्या पूलवर पत्रा आहे! आणि प्रमाण वाढलं की ते क्लोरीनला धरून ठेवतं. टेस्टमध्ये ते फ्री म्हणून दिसतं, जंतू आणि शेवाळ मारायला मात्र हातात फार थोडं उरतं. म्हणूनच अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सायन्युरिक ॲसिड नसेल तर किमान १ पीपीएम आणि असेल तर किमान २ पीपीएम फ्री क्लोरीन ठेवायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची सायन्युरिक ॲसिडची मर्यादा १००. बुळबुळीत भिंतींचं कोडं तिथे सुटलं.

निम्मा पूल रिकामा करायचा, हे एप्रिलच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा काय झालं ते लिहीत नाही. पुण्यात एप्रिल महिना, बिल्डिंगला आधीच टँकर, आणि खजिनदारबाई ४३ हजार लिटर गटारात सोडा म्हणतायत. शेवटी निघालेलं पाणी आठ दिवस न ढवळता ठेवून, क्लोरीन शून्य झाल्याचं याच किटने दाखवून, पार्किंग आणि गच्ची धुवायला वापरलं, तेव्हा लोक गप्प झाले. पाच टँकर आले, अठराशेचा एक. गोळ्या बंद केल्या, लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, द्रवरूपातलं क्लोरीन) सुरू केलं. १० टक्क्यांचं हायपो असेल तर आमच्या पाण्यात १ पीपीएम वाढवायला पाऊण-एक लिटर पुरतं, आणि गोळीपेक्षा स्वस्त पडतं. फक्त कॅन उन्हात ठेवला की त्याचा जोर उतरतो. आणि ते पीएच चढवतं, मग ॲसिड घालावं लागतं. एजन्सीच्या मुलाने दोन्हीचे कॅन एकाला एक चिकटवून, वर एकच मग उपडा घालून ठेवले होते. हायपो आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. त्या दिवशी मी खरंच ओरडले. आता ॲसिड पंपरूमच्या बाहेर, कुलपात.

इथपर्यंत मी किटला पाचपैकी पाच देऊन लिहायला बसले होते. मे महिन्याच्या शेवटी कम्बाइंडचा आकडा शून्य आला. दुसऱ्या दिवशी शून्य. तीन आठवडे शून्य. मी सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी आकडे टाकत होते, फुलं येत होती, काकांनी टाळ्या पाठवल्या. फक्त धाकटी म्हणायची, "आई, वास येतोच आहे." मी म्हटलं, तुझ्या मनात वास आहे.

मनात नव्हता. किटमध्ये अल्कलिनिटी नावाच्या वेगळ्या टेस्टसाठी थायोसल्फेटची एक बाटली असते, तिचं काम नमुन्यातलं क्लोरीन मारून टाकणं. तिची आणि कम्बाइंडच्या बाटलीची लेबलं दोन्ही कोरी झाली होती आणि मी अदलाबदल करून बसले होते. गुलाबी घालवल्यावर मी त्यात क्लोरीन मारायचं औषध टाकत होते. गुलाबी परत येणार कसं? तीन आठवडे मी शून्य मोजत नव्हते, शून्य बनवत होते. खऱ्या बाटलीने मोजलं तर ०.८.

ग्रुपवर माफी मागितली. नंतर बाटल्यांवर नेलपॉलिशने आकडे लिहिले, ते महिन्याभरात टवके होऊन गेले. स्टिकर लावले, सुटले. आता इलेक्ट्रिशियनच्या रंगीत टेपचे पट्टे गुंडाळलेत, दहा रुपयांची टेप. ते टिकलेत. साडेआठ हजारांत ही दहा रुपयांची टेप बसत नव्हती का, हा प्रश्न मी अजून दिवसातून एकदा तरी विचारते, आणि घरचे आता उत्तर देत नाहीत.

०.८ का, हे शोधताना मात्र बोट माझ्याकडेच वळलं. पूलमध्ये उतरण्याआधीच्या शॉवरचा व्हॉल्व्ह आदल्या उन्हाळ्यात मीच बंद करवला होता. टँकरचं पाणी वाचवायला. अंगावरचा घाम, तेल, क्रीम सगळं थेट पूलमध्ये जात होतं. मिनिटभर अंग धुतलं तरी यातलं बरंचसं निघून जातं. पर्ड्यू विद्यापीठातल्या ब्लॅचली यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं होतं की लघवीतलं युरिक ॲसिड क्लोरीनशी मिळून ट्रायक्लोरामाइन आणि सायनोजन क्लोराइड तयार करतं. शॉवरने लघवीचा प्रश्न सुटत नाही, पण मुलांना दर अर्ध्या तासाने बाहेर काढून टॉयलेटला पाठवलं तर थोडा सुटतो. जूनमध्ये शॉवर सुरू केला. ऑगस्टमध्ये कम्बाइंड ०.२ ते ०.४. पावसाळ्यात गर्दीही कमी असते, त्यामुळे सगळं श्रेय शॉवरला देत नाही. पत्र्याखाली एक मोठा एक्झॉस्ट फॅनही बसवला. ट्रायक्लोरामाइन हवेपेक्षा जड, पाण्यालगत साचून राहतं, आणि पोहणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं.

किटबद्दल आणखी एक धोक्याची सूचना. क्लोरीन फार जास्त असलं की पावडरचा गुलाबी रंग येताक्षणी उडतो आणि पाणी स्वच्छ दिसतं. म्हणजे 'शून्य' आणि 'भरमसाठ' दोन्ही सारखेच दिसतात. रात्री शॉक देऊन, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन ओतून, सकाळी एजन्सीच्या मुलाने तपासलं, रंग आला नाही, त्याने आणखी पाच लिटर हायपो ओतलं. दोन दिवस पूल बंद. रंग आला नाही तर आणखी पावडर टाकून बघायचं, हे माहितीपत्रकात आहे, पण सातव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

ठिपक्याची टेस्ट ट्यूबलाइटखाली करू नका. सूर्याकडे पाठ, ट्यूब कमरेजवळ, नजर वरून. माझं घरातलं आणि गच्चीवरचं मोजमाप एकाच पाण्याचं ८० आणि ६० आलं होतं.

आणि एक गोष्ट हे किट मोजतच नाही. ट्रायहॅलोमेथेन्स, म्हणजे क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं. क्लोरीन सेंद्रिय घाणीशी मिळून ती बनतात हे रॉटरडॅमच्या रुक यांनी १९७४ मध्ये पिण्याच्या पाण्यात दाखवलं, आणि पूलमध्ये घाण घालायला आपण रोज उतरतोच. ती मोजायला प्रयोगशाळाच लागते. वर्षातून एकदा नमुना पाठवा असा ठराव मांडलाय, खर्चाचा आकडा ऐकून तो पुढच्या मीटिंगला ढकलला गेला. ढकलणारी मीच होते, खोटं कशाला बोलू.

आजचा आकडा: फ्री ३.०, कम्बाइंड ०.२, सायन्युरिक ॲसिड ५०. बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना) जाणारं पाणी आणि त्याजागी भरलेलं ताजं पाणी यांनी ते आपोआप उतरलं. धाकटीचे डोळे ठीक. एजन्सी बदलली, जुनीने जाताना 'मॅडमचा विश्वास नाही' असं सांगितलं, ते खरं आहे.

औषधं संपत आली म्हणून रिफिल मागवलं. पावडरची बाटली आली ती मुदत संपायला महिनाच उरलेली, आणि आत गोळे झालेले. परत करायला गेले तर 'सील उघडलंय, घेता येणार नाही'. सील न उघडता आतले गोळे कसे दिसणार होते? दोन आठवडे वाद घालून दुसरी बाटली मिळवली. त्याच पत्रात लेबलांचं सविस्तर लिहिलं, फोटो जोडले, टेपची कल्पनाही फुकट दिली. उत्तर काल आलं: "बाटल्या हाताळताना कृपया हात कोरडे ठेवावेत."