मुरबाडजवळची प्लॉटिंग स्कीम: बुकिंगआधी हायड्रंट (आग विझवायचा पाण्याचा नळ) उघडून बघा
२ स्टार, तेही वॉचमनसाठी. आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातले, शनिवार-रविवार इथल्या बंगल्यावर असतो. बोअरचं पाणी सकाळी तासभर येतं, होळीनंतर टँकर. तेवढं चालवून घेतलं.

पण मार्चमध्ये कुंपणापलीकडचं गवत पेटलं आणि वणवा आमच्या आंब्यापर्यंत आला. वॉचमनने हायड्रंटचं चाक फिरवलं. आधी गंजाचं तांबडं पाणी, मग नुसती हवा! पंप विजेवरचा आणि लाईट गेलेली. पेटीत होज (पाण्याचा पाईप) होता, त्याच्या टोकाला लावायचं नोझल नव्हतं. घरातला आग विझवायच्या पावडरचा ४ किलोचा एबीसी सिलिंडर काही सेकंदांत संपला. १०१ लावला, पण बंबाला लांबून यायचं. शेवटी ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली. वॉचमनचे हात भाजले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

टाकी एकच, घरांची आणि आगीची. घरांचा पाईप टाकीच्या तळाशी जोडलाय, त्यामुळे दुपारपर्यंत ती कोरडी. तो वर घेतला तर खालचं पाणी आगीसाठी राखून राहतं. एवढं आणि एक डिझेल पंप, चार महिने मागतोय. मेंटेनन्स मात्र वेळेवर घेतात.