पाण्याचे रॉकेट : रबरी बूच की केबल टाय?

शीतपेयाची रिकामी बाटली, तिच्यात एकतृतीयांश पाणी आणि उरलेल्या जागेत पंपाने भरलेली हवा, एवढ्या भांडवलावर उडणारे रॉकेट ज्यांनी एकदा तरी पाहिले आहे आणि आता ते घरच्या अडगळीतून स्वतः करायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. रॉकेट कसे करावे याबद्दल फारसे दुमत होत नाही. अडते ते बाटलीच्या तोंडाशी. हवा भरेपर्यंत बाटली धरून ठेवायची आणि मग सोडायची, हे काम रबरी बुचावर सोपवावे की पाइपाभोवती बसवलेल्या केबल टायच्या (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या) कड्यावर, हा तो प्रश्न आहे. मी दोन्ही केले, दोन्ही शाळेच्या मैदानावर मुलांसमोर वापरले आणि शेवटी एकाकडे वळलो. माझा कल मी लपवणार नाही, पण बुचाचे गुणही मनापासून सांगेन, कारण सुरुवात मी त्याच्यापासूनच केली होती.

रॉकेटविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. बाटली गॅस असलेल्या पेयाचीच घ्यावी. बुडाला पाच पाय असलेली ती गोल बाटली आतला दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते, साध्या पाण्याच्या पातळ बाटलीचे तसे नाही. रस्त्यावर घासलेली, चेपलेली किंवा उन्हात पडून राहिलेली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये. पंखांसाठी जुन्या जाहिरातफलकांचा सनपॅक (आतून पोकळ, हलका प्लास्टिकचा पत्रा) उत्तम, आणि ते चिकटपट्टीनेच बसवावेत, कारण गरम गोंदाने बाटलीचे प्लास्टिक आकसते आणि नेमके तिथेच कमजोर होते. मोडक्या छत्रीच्या कापडाचे पॅराशूट कचऱ्याच्या पिशवीपेक्षा चांगले उघडते, असा माझा तरी अनुभव आहे. शेवटी तोलाच्या जागी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवावे. नाक पुढे ठेवून फिरले तर ते सरळ उडेल, शेपूट पुढे आली तर नाकात थोडी माती भरावी. यात बूच किंवा केबल टाय यांमुळे काहीही बदलत नाही.

आता बूच. प्रयोगशाळेतून बाद झालेले रबरी बूच, त्यात आरपार पाडलेले भोक, त्या भोकात सायकलच्या फाटक्या ट्यूबचा कापून काढलेला व्हॉल्व्ह, आणि त्याला जोडलेला पायपंप. अर्ध्या तासात सारे तयार होते, खर्च जवळजवळ होत नाही आणि आठवीतला मुलगा ते एकट्याने करू शकतो. पंक्चरवाल्याकडे ट्यूब मागायला मुलांनाच पाठवावे. व्हॉल्व्हमधून हवा आत जाते पण बाहेर का येत नाही, हे तो त्यांना आतली छोटी रबरी नळी काढून दाखवतो आणि मग ते मुले विसरत नाहीत. शिवाय बुचाला बाटलीच्या तोंडातल्या बारीकसारीक फरकांचे वावडे नाही. निमुळते असल्यामुळे ते कोणत्याही शीतपेयाच्या बाटलीत थोडेफार बसतेच. भंगारातून जे मिळेल त्यावर काम चालवायचे असेल, तर हा गुण लहान नाही.

पण बूच केव्हा सुटेल हे बूच ठरवते. ते किती जोराने दाबले होते, ओले होते की कोरडे, सकाळच्या गारव्यात बसवले की दुपारच्या उन्हात, या सगळ्यावर ते अवलंबून असते. माझ्या वहीत एकाच बाटलीच्या, एकाच सकाळच्या तीन नोंदी आहेत : पहिल्यांदा २० पीएसआयला (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर इतके पौंड दाब) सुटली, मग ४५ला, मग ३०ला. हे आकडेही ढोबळच मानावेत, कारण सायकलच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी उघडायला थोडा जास्तीचा दाब लागतो आणि पंपाच्या काट्यावर तोही धरला जातो. याचा परिणाम असा, की पंप मारणारा मुलगा प्रत्येक दाबाला अंग आखडून बसतो, बाटली बहुधा त्याच्या नकळत सुटते आणि सगळे पाणी त्याच्या अंगावर येते. मुलांना भिजणे आवडते, त्यामुळे तेवढ्यावरून मी बूच सोडले नसते.

ते सोडले एका अडकलेल्या बाटलीमुळे. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन होता, मैदानावर चुन्याची रेघ मारली होती आणि तिच्यामागे मुले बसली होती. आधीच्या दोन बाटल्या फार लवकर सुटल्या होत्या, म्हणून तिसरीचे बूच मी कोरडे करून, पिळून, अंगठ्याच्या जोराने आत बसवले. काटा ५० च्या पुढे गेला तेव्हा मी पंप थांबवला. बाटली जागची हलली नाही. पुढचा दाब मारणे शहाणपणाचे नव्हते. हवा काढावी, तर व्हॉल्व्ह बाटलीच्या थेट खाली होता, म्हणजे हवा काढण्यासाठी भरलेल्या बाटलीवर ओणवे व्हावे लागले असते. आत नेमका किती दाब शिल्लक आहे हेही कळत नव्हते, कारण पंप थांबला की काटा नळीतला दाब दाखवतो, बाटलीतला नाही. बुचाच्या कडेने एक बारीक बुडबुडा येत होता, फुटत होता, पुन्हा येत होता. मी तो वीस मिनिटे पाहत उभा होतो. मुले दर दोन मिनिटांनी विचारत होती, "काका, आता उडेल?" आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. अखेर सगळ्यांना व्हरांड्यात पाठवले, शाळेमागच्या घरातून आंबे काढायचा झेला आणला आणि पाण्याच्या टाकीआड उभे राहून त्याच्या लांब काठीने बाटली आडवी केली. बूच त्या क्षणी निघाले. बाटली जमिनीलगत सरपटत गेली आणि कुंपणाच्या भिंतीवर आदळली. कोणाला काही झाले नाही. परंतु ज्या दिशेला ती गेली, त्या दिशेला दहा मिनिटांपूर्वी मुले बसलेली होती.

मोठ्या रॉकेटच्या बाबतीत उड्डाण थांबवता येण्याला किती किंमत असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चंद्रयान-२ चे उड्डाण १५ जुलै २०१९ रोजी तासाभराहून कमी वेळ उरला असताना थांबवले गेले आणि ते आठवड्याने, २२ जुलैला झाले. गगनयानाच्या चाचणी वाहनाची उलटी गणती २१ ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटच्या पाच सेकंदांवर थांबली आणि दोष शोधून त्याच सकाळी दहा वाजता ते वाहन उडाले. ती थांबलेली गणती थेट प्रक्षेपणात पाहिलेल्या मुलांना घेऊन मी मैदानावर जात होतो आणि माझ्या रॉकेटला मात्र 'थांब' म्हणण्याची सोय नव्हती. बुचाविरुद्ध माझी तक्रार मुळात एवढी एकच आहे.

केबल टायच्या रचनेत ही सोय आहे. अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप शीतपेयाच्या बाटलीच्या तोंडात किंचित सैलसर जातो. तो पाइप उभा करायचा आणि बाटली त्यावर उलटी बसवायची. पाइपाभोवती केबल टाय उभे रचून होज क्लिपने (नळी आवळायच्या धातूच्या कड्याने) आवळायचे, असे की त्यांची डोकी बाटलीच्या मानेवरच्या कड्याला वरून अडकतील. त्यांच्याबाहेर दीड इंची पाइपाचा एक तुकडा कॉलर म्हणून सरकवायचा. कॉलर वर असेपर्यंत टाय आत दाबलेले राहतात आणि बाटली जखडलेली असते. दोरीने कॉलर खाली ओढली की टाय फाकतात आणि बाटली निघते. दोरी पाच-सहा मीटर लांब ठेवावी. उभ्या पाइपाला खाली एल्बो लावून तीन-साडेतीन मीटर आडवा पाइप न्यावा आणि त्याच्या टोकाच्या एंड कॅपमध्ये ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवावा. टायर बदलताना पंक्चरवाले हे जुने व्हॉल्व्ह टाकूनच देतात. उड्डाण रद्द करायचे झाले, तर दूरच्या टोकाला जाऊन त्या व्हॉल्व्हची पिन खिळ्याने दाबायची. हवा सावकाश निघून जाते. उभा पाइप बाटलीत पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत जायला हवा, नाहीतर पाणी पाइपातून खाली उतरते आणि पंपापर्यंत पोहोचते.

हे वाचायला जितके सरळ आहे तितके करायला नाही. खरी मेहनत पाइप आणि बाटलीचे तोंड यांमधली गळती थांबवण्यात जाते. मी पाइपाचा एक पट्टा मंद आचेवर, मोकळ्या हवेत, सतत फिरवत गरम केला आणि मऊ होताच पाइप फरशीवर टेकवून वरून दाबला, म्हणजे तिथे एक फुगवटा तयार होतो आणि बाटलीचे तोंड त्यावर घट्ट बसते. पहिला पाइप करपला, दुसरा वाकला, तिसऱ्यावर जमले. फुगवट्याला थोडे व्हॅसलीन लावावे. सांध्यांचे सोल्युशन पूर्ण एक दिवस वाळू द्यावे. आणि अडगळीतल्या वस्तूंचा आग्रह इथे थोडा आवरावा : गच्चीवर वर्षानुवर्षे उन्हात पडलेला पाइप ठिसूळ झालेला असतो आणि दाबाखाली त्याच्या कपच्या उडू शकतात, म्हणून घरात ठेवलेला उरलेला तुकडाच घ्यावा आणि त्यावर जुन्या कापडाची पट्टी गुंडाळावी. मी दोन्ही पद्धतींत ६० पीएसआयच्या वर जात नाही, आणि पंप मारणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय सुरुवात करत नाही.

या रचनेचा एक दोष मला अजून पूर्णपणे घालवता आलेला नाही. शीतपेयांच्या बाटल्यांच्या माना दोन प्रकारच्या आढळतात. जुन्या उंच झाकणाच्या बाटलीत तोंडापासून कड्यापर्यंतचे अंतर जास्त असते, नव्या बुटक्या झाकणाच्या बाटलीत ते सुमारे ४ मिलिमीटरने कमी असते. एका मानेसाठी बसवलेले टाय दुसऱ्या मानेवर तेवढे वर राहतात, बाटली फुगवट्यावरून उचलली जाते आणि सगळी हवा फुसकन बाहेर येते. बुचाला ही अडचण कधीच येत नाही. मी यावर काढलेला मार्ग असा, की भंगारवाल्याकडून आलेल्या बाटल्या दोन गोण्यांत वेगळ्या ठेवतो आणि त्या दिवशी जी गोणी न्यायची असेल तिच्याप्रमाणे होज क्लिप सैल करून टाय खाली-वर करतो. दहा मिनिटांचे काम आहे, पण मैदानावर पोहोचल्यावर चुकीची गोणी आणल्याचे लक्षात आले तर ती दहा मिनिटे मोठी वाटतात.

उड्डाणात किती फरक पडतो, हे मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही. मैदानाच्या कडेला एक जुने नारळाचे झाड आहे. बुचावरची बाटली कधी त्याच्या निम्म्यावर, कधी शेंड्याच्या बरीच वर जात असे. केबल टायवरची बहुतेक वेळा शेंड्याच्या वर जाते आणि सहसा एकाच उंचीवर तिचे पाणी संपते. बाटलीच्या आत असलेला लांब पाइपही इथे मदत करत असावा : पाइप बाटलीत असेपर्यंत हवा बाटलीला पाइपावरून वर ढकलते, त्या काळात पाणी फारसे खर्च होत नाही आणि बाटली सरळ दिशेत मार्गी लागते. दर वेळी दाब सारखा ठेवता येत असल्याने मुलांना प्रयोगही खऱ्या अर्थाने करता येतो. पाणी कमी-जास्त केले, पंख तीनाचे चार केले, तर झालेला बदल पाण्यामुळे किंवा पंखांमुळे झाला असे म्हणता येते. बुचावर उडवताना आमच्या वहीतली निम्मी भांडणे 'या वेळी बूच लवकर सुटले' इथेच संपत असत.

तरीही प्रदर्शन परवावर आले असेल, हाताशी ड्रिल नसेल, किंवा मुलांना एकदाच आणि एकच उड्डाण दाखवायचे असेल, तर बूच घ्यायला मी विरोध करणार नाही. फक्त त्याचा व्हॉल्व्ह थेट बुचात न बसवता दोन-तीन मीटर जाड रबरी नळीच्या दुसऱ्या टोकाला बसवावा, सांधे होज क्लिपने आवळावेत, बूच ओले करून हलक्या हाताने लावावे आणि कमी दाबाला सुटले तरी चालेल असे आधीच ठरवून जावे. मी पुन्हा बूच वापरले तर याच पद्धतीने वापरेन. पण ज्यांना वर्षभर, दर शनिवारी, वेगवेगळ्या मुलांना घेऊन मैदानावर जायचे आहे, त्यांनी दोन संध्याकाळी आणि कदाचित दोन-तीन पाइप वाया घालवून केबल टायचे कडेच करावे, असे मला वाटते.

गेल्या पावसाळ्याआधीच्या शेवटच्या शनिवारी वारा अचानक फिरला आणि बाटली रस्त्याकडे जाण्याची शक्यता दिसू लागली. दोरी एका सातवीतल्या मुलीच्या हातात होती आणि काटा ५५ वर होता. तिने वर पाहिले, दोरी खाली ठेवली, टोकाला जाऊन खिळ्याने पिन दाबली आणि हवा पूर्ण निघेपर्यंत तिथेच बसून राहिली. मग आम्ही पाइप उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि पुन्हा हवा भरायला सुरुवात केली.