क्रश सँड: स्लॅबला बिनधास्त, प्लास्टरला जपून

कराडजवळच्या एका क्रशरवरून गेल्या उन्हाळ्यात दोन बंगल्यांच्या कामाला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेतली. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच.

क्रशरवर फोन करून नुसतं "सँड पाठवा" म्हणाल तर कधीकधी डस्ट येते. खडी फोडताना खाली पडते ती बुकणी म्हणजे डस्ट. कण चपटे, टोकदार आणि पूड भरपूर. पूर्वी क्रशरवर तिचे ढीग पडून असायचे, भरावाला नाहीतर पेव्हर ब्लॉकवाल्यांकडे जायची. धुऊन पूड काढली तर तीही कामाची, पण धुतो कोण? क्रश सँड वेगळी: बारीक खडी व्हीएसआय (उभ्या शाफ्टच्या इम्पॅक्ट क्रशर) मशीनमध्ये घालून दगडावर दगड आपटतात, कोपरे झिजतात, मग 4.75 मिलिमीटरच्या चाळणीखालचा माल घेतात. ढीग लांबून सारखेच दिसतात, म्हणून फसगत होते. दुसऱ्या एका पुरवठादाराने हायवाभर डस्ट आणलीच होती. मूठ दाबून सोडली तर तळहात पीठ मळल्यासारखा. गाडी तशीच परत.

इथल्या मालाचे कण मूठ उघडताच सुटे होतात. बरणीत पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवला, तासाभराने वर पातळ राखाडी थर बसला. राखाडी म्हणजे दगडाची पूड. तांबूस दिसला तर माती समजा. खाणीवरचा मुरूम नीट न काढता दगड फोडला की ती येते. आयएस 383 या काँक्रीटच्या वाळू-खडीच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत 75 मायक्रॉनखालचा माल नदीच्या वाळूत 3 टक्केच चालतो आणि क्रश सँडमध्ये 15 टक्क्यांपर्यंत, तो याच हिशेबाने: इथली पूड मातीची नसून दगडाची धरलेली असते.

स्लॅब एम20, म्हणजे 28 दिवसांनी 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं काँक्रीट; सिमेंट, वाळू, खडी यांचं प्रमाण 1:1.5:3. पहिल्याच बॅचला मिस्त्री म्हणाले, "साहेब, ह्यो माल लई पानी पितोय," आणि हात पाइपाकडे. पाइप बंद करायला लावला. टोकदार कण आणि पूड यांना पाणी जास्त लागतं हे खरं, पण ती गरज प्लास्टिसायझरने, म्हणजे जादा पाण्याशिवाय माल सैल करणाऱ्या रसायनाने, भागवायची. सिमेंटच्या पोत्यामागे 200 मिली टाकलं, पाणी 25 लिटरच्या वर जाऊ दिलं नाही. माल व्हायब्रेटरखाली छान बसला. शटरिंग उघडल्यावर खालची बाजू स्वच्छ, कुठे खडी उघडी पडलेली नाही. 28 दिवसांनी दाबून तपासलेले काँक्रीटचे क्यूब 20 च्या वर आरामात गेले. एकच सांभाळा: या मालाचा स्लॅब वर पाणी कमी सोडतो, उन्हात पृष्ठभाग पटकन वाळून चिरतो. आम्ही त्याच संध्याकाळी ओली पोती टाकली, सकाळी आळी बांधून पाणी भरलं.

तारा कापला तो प्लास्टरमुळे. "प्लास्टर सँड" म्हणून दिलेला माल थापीखाली ओढतो, रंधा मारला की खरवडतो. पश्चिमेच्या भिंतीवर बारीक चिरा आल्या. मालकीणबाईंनी त्या बोट फिरवून दाखवल्या, तेव्हा काय बोलणार? बाकीच्या भिंतींना दुसरीकडून वॉश सँड, म्हणजे धुऊन पूड काढलेली वाळू, आणली. दर चढा, पण मिस्त्री खूश.

गाडीबरोबर रॉयल्टीचा पास (सरकारी शुल्क भरल्याची वाहतूक पावती) न मागता मिळाला, हे चांगलं. ब्रास मात्र टेप लावून घ्या. 100 घनफूट म्हणजे एक ब्रास, आणि ओला माल फुगलेला असतो, त्यामुळे हौदा काठोकाठ दिसला तरी कोरड्या हिशेबात कमीच भरतो. मॅनेजरना सांगितलं तर ते कुरकुर न करता भर घालतात.