वादकाचं रंगीत पोर्ट्रेट: साधं अ‍ॅक्रिलिक की संथ वाळणारं?

ट्रम्पेटवादकाचा फोटो समोर आहे. मंचावरच्या दिव्यांनी त्याचा एक गाल किरमिजी झालाय, दुसरा निळा, आणि चेहऱ्याला त्वचेचा रंग लावायचाच नाही हे तुम्ही ठरवून टाकलंय. इथवर आला असाल तर पुढचा प्रश्न ट्यूबचा. नेहमीचं पटकन वाळणारं अ‍ॅक्रिलिक घ्यावं, की हल्ली सहज मिळणारं संथ वाळणारं? मी दोन्ही वापरलंय, तेही बहुतेक वादकांच्याच चित्रांसाठी. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण आधी संथ रंगाच्या बाजूचं म्हणणं ऐकू.

ते म्हणणं भक्कम आहे. साध्या अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की पॉलिमरचे कण एकमेकांत बसतात आणि थर कायमचा बंद होतो. पातळ थराला त्यासाठी काही मिनिटं पुरतात. त्यामुळे किरमिजी गालाकडून निळ्या गालाकडे जाताना मधला जांभळा कालवेपर्यंत पहिली कड वाळलेली असते आणि ब्रशचे पट्टे उठतात. संथ रंगात ही धावपळ नाही. फुगलेल्या गालाची गोलाई निवांत फिरवता येते, केस मागच्या काळोखात विरघळवता येतात. ब्रश धुवायला जरा उशीर झाला तरी तो लाकूड होत नाही. पॅलेटवर काढलेला रंगही वाया जात नाही. चेहरा मऊ हवा असेल, हाताचा वेग कमी असेल, किंवा तैलरंगाची सवय असेल, तर बहुधा तुम्ही इथेच थांबाल, आणि त्यात काही चूक नाही.

माझं संथ रंगाशी जमलं नाही ते एकाच गोष्टीपायी. नारिंगी गालावर हिरव्याचा एक सपाट फटकारा मारायचाय. खालचा नारिंगी बोटाला लागत नाही, म्हणजे वाळला असं वाटतं. भरलेला ब्रश टेकवून ओढावा, तर पहिला अर्धा इंच स्वच्छ हिरवा. मग खालचा थर सुटायला लागतो. फटकाऱ्याची सुरुवात हिरवी, मध्य शेवाळी, शेवट मातकट. हिरवा आणि नारिंगी एकमेकांत गेले की आणखी काय होणार? पुसायला जावं तर खालचा नारिंगीही निघतो, तसंच ठेवावं तर गालावर डाग. थांबायचं म्हटलं तर किती थांबायचं ते कळत नाही. वरून साय धरलेली असते, आत थर कच्चाच. पॅलेट नाइफने लावलेला जाड रंग तर दुसऱ्या दिवशीही दाबला की हलतो. हेअर ड्रायर फिरवला तर वरची साय लवकर धरते, एवढंच. तुमच्याकडची हवा कोरडी असेल आणि थर पातळ लावत असाल, तर कदाचित तुम्हाला हे इतकं छळणार नाही. मला छळतं, कारण असल्या चित्राचा सगळा जीव रंगावर रंग स्वच्छ बसण्यात असतो.

फ्रेंच चित्रकार मातिसने १९०५ साली पत्नीच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवी पट्टी ओढली. तिच्या एका बाजूला पिवळट चेहरा, दुसऱ्या बाजूला गुलाबी, आणि तरी पट्टी हिरवीच राहते. तेही तैलरंगात, म्हणजे आपल्या संथ अ‍ॅक्रिलिकपेक्षाही संथ माध्यमात. तेव्हा संथ रंगात हे होत नाही असं मी म्हणणार नाही. तो हात असेल तर होतं. माझ्यासारख्याला खालचा थर वाळलेला असला की बरं पडतं. साध्या अ‍ॅक्रिलिकमध्ये पुढचा रंग कालवेपर्यंत गाल तयार असतो. फटकारा चुकला तर ओल्या फडक्याने लगेच पुसायचा, खालच्या नारिंगीला धक्काही लागत नाही.

ग्लेझचंही, म्हणजे वाळलेल्या रंगावर फिरवलेल्या पातळ पारदर्शक थराचंही तेच. क्विनाक्रिडोन मजेंटा (ट्यूबवर पीआर १२२ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला) पारदर्शक आहे. पक्क्या वाळलेल्या पिवळ्यावर तो बिनरंगी अ‍ॅक्रिलिक मिडियममध्ये पातळ करून फिरवला की दिव्याखालच्या कानाला आतून पेटल्यासारखा रंग येतो. पिवळा अर्धवट ओला असेल तर दोन्ही मिसळून साधा नारिंगी होतो. कॅडमियम नारिंगी अपारदर्शक, तो वरच्या फटकाऱ्यांसाठी राखावा. थॅलो निळा कुठल्याही प्रकारात घेतलात तरी दांडगाच, थेंबभर पुरतो.

वाद्याबद्दल फार बोलायची गरज नाही. पितळेत गडद तपकिरीला खेटून थेट लिंबोणी पिवळा येतो, मध्ये काही नसतं. त्या कडा वाळलेल्या थरावरच धारदार बसतात. व्हायोलिनच्या तारांसाठी लाइनर ब्रश आणि पातळ अ‍ॅक्रिलिक, किंवा मास्किंग टेप. अर्धओल्या थरावर टेप लावलीत तर काढताना रंग तिच्याबरोबर येईल.

साध्या अ‍ॅक्रिलिकची खरी खोड वेगळीच आहे: वाळताना रंग गडद होतो. ओला बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट द्रव) दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो, आणि काल लावलेल्या जांभळ्याशी आज कालवलेला जांभळा जुळत नाही. संथ रंगातही हे होतं, पण तिथे ओला रंग शेजारच्या ओल्याशीच जुळवत असल्याने लक्षात येत नाही. यावर मी कागदाच्या पट्टीवर ठिपका लावतो, वाळू देतो आणि ती पट्टी चित्रावर धरून बघतो. कंटाळवाणं काम आहे. पण चेहरा जांभळा-हिरवा करायचा तर गडद-फिकट जागच्या जागी हवेच, नाहीतर गाल सपाट पडतो. अधूनमधून मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढून बघावा, नाक कुठे हरवलंय ते लगेच दिसतं.

रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घालून मधला मार्ग काढता येईल का? थोडा काढता येतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापुढे गेलात तर थर चिकट राहतो, म्हणजे फिरून पुन्हा तेच दुखणं. त्यापेक्षा ओला स्पंज, वर बटर पेपर, अशी पॅलेट करावी आणि वर अधूनमधून पाण्याचा बारीक फवारा मारावा. अशाने रंग पॅलेटवर ओला राहतो आणि कॅनव्हासवर वाळतो. मला वेळ रंग कालवताना लागतो, लावताना नाही. माझ्यापुरता तरी अर्धा वाद इथेच मिटला.

आणखी एक गोष्ट आहे, ती स्वभावाची म्हणा. रंग ओला असला की माझा हात गाल गोंजारत बसतो. इथे जरा मऊ, तिथे जरा मऊ, करता करता फटकारे नाहीसे होतात आणि फोटोतला गुळगुळीत माणूस परत येतो. वाळलेला रंग तेवढी सवलत देत नाही. फटकारा पटला नाही तर त्याच्यावर दुसरा मारायचा, आणि बऱ्याचदा पहिल्याची उरलेली कडच चेहऱ्याला हालचाल देऊन जाते. श्वास रोखून फुंकणाऱ्या माणसाला ती शोभते.

तेव्हा पहिल्यांदाच करत असाल तर मी साधंच अ‍ॅक्रिलिक सुचवीन: दोन पिवळे, नारिंगी, मजेंटा, थॅलो निळा, अल्ट्रामरीन, आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब. संथ रंगाचा मोह सुटतच नसेल तर त्यातला फक्त अल्ट्रामरीन घ्या. चेहरा, वाद्य, बोटं सगळं संपून पक्कं वाळलं की केसांची कड आणि मागचा काळोख एकमेकांत मिसळायला तो अगदी शेवटी, पातळ लावा. त्याच्यावर मग काही चढवायचं नसतं, त्यामुळे तो किती वेळ कच्चा राहतो याची फिकीर नाही. गालाच्या जवळ मात्र तो ब्रश नेऊ नका.